बुधवारचा दुसरा चमचा

त्या बुधवारी आई आल्या नाहीत. मी नेहमीच्या टेबलाशी बसून त्यांना फोन लावला. "कुठवर आलात?" मी विचारलं, पण फोन सुमेधाने उचलला होता. ती म्हणाली, "अत्ते सकाळी गेल्या." मग तिने विचारलं, "फोनवर नाव 'बुधवार' असं आलंय. आपण त्यांच्या कोण?"

मी फोन ठेवला. उद्धटपणा नव्हता तो. 

आई म्हणजे इंदिराबाई, माझ्या पूर्वीच्या सासूबाई. सुमेधा त्यांची आताची सून. त्या घरात सासूला 'अत्ते' म्हणायची पद्धत आहे, कारण ते घर बंगळूरचं. त्यांचा कोणी पूर्वज मराठी मुलखातून घोड्यावरून इकडे आला, त्याने इथे मुक्काम टाकला आणि तो मुक्काम अजून हललेला नाही, असं आई सांगत. एवढ्या पिढ्यांत त्यांच्या मराठीला कानडीची अशी काही फोडणी बसली होती, की मी बेळगावची, दोन्ही भाषा येणारी, तरी पहिले काही महिने त्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन कुठे संपणार याचा मला अंदाज येत नसे. मी लग्न होऊन आले आणि सवयीने 'आई' म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "सरी, तेही चालेल." तेच राहिलं.

पुढे आमचं, म्हणजे गुरुराजचं आणि माझं, जमलं नाही. त्यात कोणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. आईंच्या घरातून आम्ही महादेवपुऱ्यातल्या फ्लॅटवर राहायला गेलो; तिथे दोन माणसं आपापल्या स्क्रीनकडे तोंड करून जेवत असत, एवढंच. कोर्टातून बाहेर पडले तेव्हा नवरा गमावल्याचं दुःख मी आधीच थोडं थोडं करून संपवलेलं होतं. सासू गमावण्याची तयारी मात्र केलेली नव्हती. तिचा त्या कागदांत कुठे उल्लेखही नसतो. मी जयनगरात एक खोली घेतली, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी चालू ठेवली, आणि आईंचं घर चालत जाण्याच्या अंतरावर असूनही त्या रस्त्याने जायचं टाळू लागले.

काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "वैजू, भेटायचंय. घरी नको. तुझ्या खोलीवरही नको, तुझी घरमालकीण आमच्या मठात येते." मी एखाद्या हॉटेलात भेटू या म्हटलं, तर म्हणाल्या, "जयनगरात असं एक हॉटेल दाखव, जिथे डोसा खाताना मागच्या टेबलावरून कोणी मला 'काय इंदिराक्का' म्हणणार नाही." मग स्वतःच म्हणाल्या, "भाजीबाजाराच्या पलीकडच्या गल्लीत एक पांढरं घर आहे बघ. दारावर दारूच्या बाटलीचं चित्र आहे. आपल्यातलं कुणी तिथे पाय टाकणार नाही. बुधवारी दुपारी ये. बुधवारी भजनाचा वर्ग असतो असं मी घरी सांगितलंय."

ते पांढरं घर म्हणजे एक फ्रेंच बिस्त्रो होतं. त्याचं नाव आम्हा दोघींनाही नीट उच्चारता यायचं नाही. आई त्याला 'बिळी मने' म्हणत, कानडीत पांढरं घर. जुन्या बैठ्या घराचा दिवाणखाना, त्यात मोजकीच टेबलं, अंगणात संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं, झाड, आणि आत लोण्याचा, भाजलेल्या पावाचा, आणखी कशाकशाचा वास. तो वास आल्यावर आईंनी पदर नाकाला लावला आणि तसाच धरून त्या आत शिरल्या. मालक आंत्वान हा पुदुच्चेरीचा तमिळ माणूस, फ्रान्समध्ये बरीच वर्षं स्वयंपाक करून आलेला. त्याने वाकून आम्हाला फ्रेंचमध्ये नमस्कार केला. आईंनी त्याला विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? जेवायला आलेल्या बाईने जेवण घालणाऱ्याला असं विचारलेलं त्याने कधी ऐकलं नसावं. तो इतका मनापासून हसला की आईंनी नाकावरचा पदर खाली घेतला. पुढे दर बुधवारी त्या दारातूनच हा प्रश्न टाकत आणि तो आतून ओरडून सांगे, "इन्नू इल्ल अम्मा!", अजून नाही अम्मा.

आईंच्या घरात कांदा-लसूण कधी आलं नव्हतं. मेनूकार्डावरच्या एकेका ओळीवर त्या बोट ठेवत आणि आंत्वान त्याच्या तमिळ वळणाच्या कानडीत उत्तर देई. "ह्यात काय?" "कोंबडी, अम्मा." "आणि ह्यात?" "अंडं." "ह्यात?" "वाईन." "ह्यात तरी?" "ते... कांद्याचं सूप. कांदाच आहे." आईंनी कार्ड मिटून ठेवलं. "मग माणसं खातात काय रे इथे?"

त्या दिवशी त्याने त्यांच्यासाठी टोमॅटो, वांगी आणि ढोबळी मिरची वेगळ्या भांड्यात, कांदा-लसणाविना शिजवून आणली. आईंनी पावाचा तुकडा बुडवून चाखला. म्हणाल्या, "हे तर आपलं आंबटगोड गोज्जु. स्वल्प गूळ हवा होता." पुढच्या बुधवारी त्यात गूळ होता. फ्रान्समध्ये त्याच्या गुरूला हे कळलं तर तो रडेल, असं आंत्वान म्हणाला. त्यावर आई म्हणाल्या, "रडू दे. रडून झालं की एक वाटी खायला दे त्याला." त्या लांब पावाला त्या 'काठी' म्हणत. "ती काठी आण रे, आणि सोबत विळी आण, माझ्या दातांना झेपत नाही." असं म्हणत म्हणत त्या सगळी काठी संपवत.

मी मात्र कांद्याचं सूप घेई. मी शाकाहारी म्हणून आंत्वान ते भाज्यांच्या पाण्यात करायचा. तास-दीड तास मंद आचेवर परतून कांद्याचा रंग गुळासारखा होतो, वर पाव आणि वितळलेलं चीज. आई माझ्या वाटीकडे बघत, पण खुर्ची जराशी मागे घेऊन. त्यांना कांद्याचं वावडं होतं, पण त्याहून मोठं वावडं उष्ट्याचं. पाणीसुद्धा त्या भांड्याला ओठ न लावता वरून पीत. बिळी मनेत पाणी यायचं ते लांब दांड्याच्या काचेच्या पेल्यात. तो पेला दोन बोटांत धरून, मान मागे टाकून, हातभर उंचीवरून त्या घशात धार सोडत. एक थेंब इकडे-तिकडे होत नसे. शेजारच्या टेबलावरची माणसं चमचे खाली ठेवून बघत राहत.

उष्ट्याबद्दल मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच एकदा विचारलं होतं. गुरुराज ऑफिसच्या घाईत दहीभात अर्धा टाकून उठला होता. मी ताट उचलायला गेले तर आई तोच भात खात होत्या. मी म्हटलं, "आई, उष्टा आहे ना तो?" त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोलले होते. म्हणाल्या, "पोराचं कसलं उष्टं?"

बिळी मनेत आम्ही काय बोलायचो, हे आता आठवू गेले तर फारसं काही हाताला लागत नाही. मी वाचत असलेल्या पुस्तकांतल्या गोष्टी त्या सांगायला लावत आणि मधेच थांबवून त्यातल्या माणसांना सल्ले देत. माझं वजन, माझे केस, माझी घरमालकीण, भाज्यांचे वाढते भाव. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं की आता तुम्हाला काय म्हणू. त्या म्हणाल्या, "आधी काय म्हणत होतीस?" मी म्हटलं, "आई." "मग? कोर्टाने भाषा बदलून दिलीय का?"

गुरुराजचं नाव मात्र आम्ही काढत नसू. एकदाच निघालं. त्या दिवशी आईंनी काठी मागवली नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, "त्याचं लग्न ठरलंय. धारवाडची मुलगी आहे. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर यायला नको होतं." मी चांगलं झालं म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण सूप तसंच राहिलं, त्यावरचं चीज घट्ट होऊन त्याची साय धरली. आंत्वान ते गरम करून आणू का विचारायला आला तर आईंनी त्याला हातानेच परत पाठवलं.  मग त्या म्हणाल्या, "ती मुलगीही चांगली आहे गं. तिचं काही चुकलेलं नाही. तुझंही काही चुकलं नव्हतं. मी दोघींना कुठे कुठे ठेवू, तेवढं मला कळत नाही." मला वाटलं, आता हे बुधवार संपतील. निघताना त्या पायरीवर थांबल्या, माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरल्या, आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी ते राहिलेलं पुस्तक पूर्ण सांग."

असे बुधवार चालत राहिले. लग्न झालं, सुमेधा घरात आली. भजनाचा वर्ग बंद पडल्यावर आईंनी घरी एका मैत्रिणीचं कारण सांगायला सुरुवात केली. गेल्या वर्षभरात त्या थकल्या होत्या. त्यांना दोन पायऱ्या चढूनही धाप लागे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, म्हणून आंत्वान त्यांच्या गोज्जूत मीठ घालत नसे. त्या ते खात आणि म्हणत, "आता हे खरंच फ्रेंच लागायला लागलं."

आणि मग पद्मक्का आल्या. कोणी ओळखीचं येणार नाही म्हणून निवडलेल्या त्या जागेत इतक्या वर्षांनी ओळखीचं माणूस आलंच. पद्मक्का आईंच्या मठातल्या. अमेरिकेतून आलेली त्यांची मुलगी हौसेने त्यांना घेऊन आली होती. "इंदिराक्का? तुम्ही... इथे?" "तुम्ही इथे?" आईंनी उलट विचारलं. दोघी एकमेकींच्या ताटांकडे चोरून बघत होत्या, आणि खरं तर त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. मग पद्मक्कांनी माझ्याकडे बघत, साध्या कुतूहलाने, आईंना विचारलं, "ह्या तुमच्या कोण? मुलगी?"

आईंच्या हातात पावाचा तुकडा होता. त्यांनी तो बशीत ठेवला. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि परत गेलं, हे मी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "ओळखीची आहे."

पद्मक्का "हो का" म्हणून पुढे गेल्या. आम्ही उरलेलं जेवण जेवलो. मला वाईट वाटलं नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्या दुसरं काय सांगणार होत्या? पूर्वीची सून, असं कोणी सांगतं का? तशी कुणाची ओळख करून देण्यासाठी शब्दच नाही, मराठीत नाही आणि कानडीतही नाही. मी शब्दांच्या कपाटांत दिवस घालवणारी बाई, मलाही सुचला नसता. पण नंतर आईंनी पाण्याचा पेला वर धरला तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या हनुवटीवर पाणी सांडलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी त्या माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. आंत्वानने नेहमीसारखं सगळं आणलं. मी सूप अर्धं संपवलं असेल. आई माझ्या वाटीकडे बघत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची मागे घेतली नव्हती.

"गोड असतो का गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कांदा."

"शिजून शिजून गोड होतो," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या बशीशेजारचा कोरा चमचा उचलला, हात पुढे केला आणि माझ्या वाटीत बुडवला.

"आई, कांदा आहे."

"ठाऊक आहे."

"उष्टं आहे माझं..."

"तेही ठाऊक आहे. सुम्ने बस."

सुम्ने म्हणजे उगी, गप्प. मी उगी बसले. त्यांनी तो चमचा तोंडात घेतला. वरून सोडला नाही, ओठ मिटून घेतला, जसं कोणीही घेतं तसा. डोळे मिटले. मग पुन्हा चमचा बुडवला. असं करत त्यांनी माझ्या वाटीतलं सूप तळापर्यंत संपवलं, काठीच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं एकटीच खात होतीस होय?" आंत्वान स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा होता. त्याने पाहिलं होतं. तो पुढे आला नाही.

तो आमचा शेवटचा बुधवार.

पुढच्या बुधवारी सुमेधाशी बोलून फोन ठेवल्यावर मी चालतच त्या घरी गेले. इतक्या वर्षांनी फाटक उघडलं. दार सताड उघडं होतं, आत माणसं होती. दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवून विचारलं, "तुम्ही कोण?" गुरुराजने मला पाहिलं होतं आणि तो काहीतरी बोलणार होता. त्याला अडचण नको म्हणून मीच आधी म्हटलं, "ओळखीची आहे." तो म्हणाला, "ये, वैजयंती. आत ये."

आईंना खाली चटईवर ठेवलं होतं. तोंडात गंगोदक घालायचं चाललं होतं. एक जण नात्याने एकेकाला बोलावत होता... मुलगा, सून, भाऊ, पुतणे. ज्याचं नातं पुकारलं जाई तो पुढे होऊन पळीने पाणी घाली. ओठांना न लागता, वरून, अगदी आईंना हवं तसं. मला कोणी बोलावलं नाही आणि ते बरोबरच होतं. मी भिंतीपाशी उभी राहून पाहिलं, मग पायांवर डोकं ठेवलं आणि निघाले. खोलीवर येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सुतक नात्याला असतं, ते मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावली. कोणी काही विचारलं नाही, कारण कोणाला सांगण्यासारखं माझं कोणी गेलेलं नव्हतं. घरमालकिणीने जिन्यात सांगितलं, "आमच्या मठातल्या इंदिराक्का गेल्या हो. तुम्ही नसाल ओळखत." मी म्हटलं, नाही. वर येऊन दार लावून घेतलं, आणि मग मला रडता आलं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी माझ्या फोनवर आईंचं नाव उमटलं.  सुमेधा होती.

"बुधवार म्हणजे तुम्हीच ना?" ती म्हणाली. "त्या दिवशी दारात तुमचा आवाज ओळखला मी. मला काही विचारायचं नाहीये. फक्त एक सांगायचं होतं." ती हळू आवाजात बोलत होती, बहुधा कोणी ऐकू नये म्हणून. "आधीच्या बुधवारी अत्ते घरी आल्या ना, तेव्हा त्यांच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता. मी कोणाला बोलले नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला त्या उठल्या नाहीत. मी विचारलं, अत्ते, बरं नाही का? तर म्हणाल्या, बरी आहे गं, आज देवाला रजा. तू लाव." सुमेधा पुढे म्हणाली, "खूप खूश होत्या. रात्री जेवल्या नाहीत. म्हणाल्या, पोरीकडे जेवून आलेय."

मी फोन कानाशी घट्ट धरला. तीच म्हणाली, "मी त्या दिवशी फोनवर तुम्हाला कोण म्हणून विचारलं... तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. ते वाक्य माझं नव्हतं. आईंचंच होतं.

त्यानंतरच्या बुधवारी मी बिळी मनेत गेले. आंत्वानला कळलेलं नव्हतं, कोण कळवणार? मला एकटीला पाहून त्याने दाराकडे नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगायच्या आत तो समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.  मग आत गेला आणि न मागता सूप घेऊन आला. वाटी मधोमध ठेवली, एक चमचा माझ्या बाजूला आणि एक पलीकडे. तो जेवला का, हे त्याला कोणीतरी विचारायला हवं होतं असं वाटून मीच त्याला विचारलं, "ऊटा आयता?" त्याने मान हलवली. नाही म्हणून.

अजूनही बुधवारी दुपारी मी जाते. सूप एकच येतं, चमचे दोन. मी अर्धी वाटी खाते आणि अर्धी ठेवते. दुसरा चमचा कोरडाच परत जातो.